भ्रमणध्वनि आणि विजेची काटकसर

सेवाग्रामच्या आश्रमांत एक जुना टेलिफोन आजहि जपून ठेवलेला आहे. लॉर्ड लिनलिथगो व्हाइसरॉय असतांना सरकारास महात्माजींशीं तांतडीनें बोलतां यावें म्हणून तो तेथें बसविण्यांत आला. ज्या खेड्यास जावयास काल-परवांपर्यंत धड रस्ता नव्हता, त्या खेड्यांत टेलिफोनची तार येऊन पोंचली, ही त्या काळीं नवलाचीच गोष्ट होती. परंतु येथें त्या टेलिफोनची आठवण काढण्याचें कारण निराळें आहे. त्या यंत्राची वीज संध्याकाळपर्यंत पुरेल कीं नाहीं, हा प्रश्न आश्रमांतील कोणासहि पडण्याचें कारण नव्हतें. टेलिफोनला वीज पुरविण्याच्या त्या वेळीं दोन पद्धति होत्या. एकींत यंत्राबरोबरच कोरडे सेल असत आणि ते संपले कीं खात्याचा मनुष्य येऊन बदलून जाई. दुसरींत एक्स्चेंजमधील मोठ्या बॅटऱ्यांची वीज तारेवाटेंच घरीं येई. दोहोंतहि काळजी खात्याची, ग्राहकाची नव्हे. पुढें तार गळाली, टेलिफोन खिशांत आला, आणि त्याच्याबरोबर ती काळजीहि खिशांत आली.

ही काळजी केवळ गप्पागोष्टींची असती तर तिच्याविषयीं कोणी लिहीत बसलें नसतें. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सर्वत्र सुरू झाली, आणि आपल्या शेतांतील कापूस, सोयाबीन किंवा तूर यांची नोंद शेतकऱ्यानें स्वतः फोनवरून करावयाची अशी रीत पडली. त्यासाठीं त्याला शेतांत उभें राहून फोटो काढावा लागतो. उपग्रहावरून जागा निश्चित व्हावी लागते. आणि ती माहिती इंटरनेटवरून पाठवावी लागते. फोनमध्यें वीज अधिक खाणारीं जीं कामें, त्यांतलीं तीन येथें एकदम येतात. विम्याची भरपाई आणि हमीभावाची खरेदी या नोंदीशीं जोडलेली असल्यानें बांधावर फोन बंद पडणें ही आतां हंसण्यावारी नेण्याची गोष्ट राहिलेली नाहीं.

फोनमध्यें वीज खाणारे अवयव बहुतेक सर्वत्र सारखेच असतात: पडदा, गणित करणारा प्रोसेसर, टॉवरशीं बोलणारा रेडिओ, जागा शोधणारें जीपीएस आणि कॅमेरा. हे अवयव केव्हां जागे व्हावेत व केव्हां निजावेत हें ठरविणारी जी आज्ञावली, तिलाच ऑपरेटिंग सिस्टीम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. एकत्र कुटुंबांत कोठीची किल्ली जिच्या कमरेला असते, तिच्या हातावर वर्षाचें धान्य पुरणें न पुरणें अवलंबून असतें. तसेंच हें आहे. कोठी केवढी हें एक, आणि किल्ली कोणाकडे हें दुसरें. फोन घेणारा मनुष्य दुकानांत पहिल्याचीच चौकशी करतो. किती हजार मिलीअँपिअर तासांची बॅटरी, एवढें विचारलें कीं त्याचें समाधान होतें. इतिहास मात्र दुसऱ्या गोष्टीचा आहे.

यंत्राची परीक्षा कशी करावी याचा एक नमुना वर्ध्याच्या मंडळींना अपरिचित नाहीं. १९२९ सालीं अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें होतें. त्याच्या अटी आजहि वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकें व सहज हलवितां येण्याजोगें असावें. खेड्यांतील झोंपडींत हातानें किंवा पायानें चालावें. बाईनें सलग आठ तास काम केलें तरी तिला फार श्रम पडूं नयेत. त्या आठ तासांत १६,००० वार सूत निघावें. किंमत १५० रुपयांच्या वर जाऊं नये. वेळच्या वेळीं देखभाल केल्यास तें निदान २० वर्षें चालावें, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेंकडा ५ हून अधिक होऊं नये. तें बक्षीस कोणत्याहि यंत्राला मिळालें नाहीं. तथापि १९३८ सालीं गांधीजींच्या हस्तें उघडलेल्या मगन संग्रहालयांतील तऱ्हेतऱ्हेचे चरखे पाहतांना त्या अटींतील शहाणपण ध्यानांत येतें. यंत्राची परीक्षा कारखान्यांत नव्हे, वापरणाराच्या घरांत करावयाची, असें तें शहाणपण होतें. फोनच्या कार्यप्रणालींना तीच कसोटी लावली तर निकाल जाहिरातींहून बराच निराळा लागतो.

आरंभ सिंबियनपासून करणें योग्य होईल. सायऑन या इंग्रज कंपनीनें खिशांत मावणारे छोटे संगणक काढले होते. १९९७ सालचा त्यांतील एक, भिंतीवरच्या घड्याळांत घालतात तसल्या दोन साध्या सेलांवर चाले. त्याच्या कार्यप्रणालीच्या पायावर १९९८ सालीं नोकिया, एरिक्सन इत्यादि कंपन्यांनीं मिळून सिंबियन उभी केली. जागा थोडी, वीज थोडी, अशा संसारांत वाढलेल्या मंडळींनीं ती लिहिली होती. काम नसेल त्या क्षणीं प्रोसेसर निजवावयाचा, हा त्यांचा नेम. या काटकसरीचा भार मात्र ॲप लिहिणारांवर पडे. सिंबियनसाठीं ॲप लिहिणें हें किचकट काम म्हणून प्रसिद्ध होतें, आणि पुढें तिच्या नाशाला तेंच एक कारण झालें.

आपल्याकडे २००५ नंतरचीं कांहीं वर्षें भारनियमनाचीं होतीं. ग्रामीण विदर्भांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे. त्या दिवसांत खेड्यांत खरा मान मिळाला तो सिंबियनच्या महागड्या फोनांना नव्हे, तर त्यांच्या गरीब भावंडांना. २००३ सालीं निघालेल्या नोकिया ११०० या साध्या फोनला टॉर्च होता, धूळ व घाम यांना न बिचकणारा कळफलक होता, आणि बॅटरी अवघी ८५० मिलीअँपिअर तासांची. तरीहि ती एकदां भरली कीं तीन-चार दिवस चिंता नसे. जगांत या फोनचे २५ कोटींच्या आसपास नग खपले, यांत आश्चर्य नाहीं. २००७ सालीं रॉयटर्सनें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांना बाजारभाव व हवामान मराठी संदेशांनीं कळविण्याची सेवा काढली. २००९ सालीं नोकियाचीहि तसलीच सेवा आली. कापसाचा भाव कळण्यास मोठा पडदा लागत नाहीं. हिंगणघाटच्या बाजारांत गाडी न्यावयाची कीं चार दिवस थांबावयाचें, हें ठरविण्यास दोन ओळींचा संदेश पुरतो, आणि त्या दोन ओळींना वीज जवळ जवळ लागतच नाहीं.

दरम्यान २००७ सालीं अमेरिकेंत आयफोन निघाला व २२ ऑगस्ट २००८ रोजीं तो भारतांत आला. आठ जीबीच्या फोनची किंमत येथें ३१,००० रुपये होती. चरखा संघाच्या किमतीच्या अटीवर तो पहिल्याच फेरींत बाद झाला असता. त्याच्या कार्यप्रणालीचा कारभार कडक असे. बाहेरच्या ॲपनें पडद्यामागें काम करीत राहणें तिला मान्य नव्हतें; तशी परवानगी २०१० सालीं मिळाली, आणि तीहि ठराविक कामांपुरती. पुष्कळांनीं या सोंवळेपणाची थट्टा केली. पण त्यांतूनच २००९ सालीं एक चांगली युक्ति निघाली होती. प्रत्येक ॲपनें जागें राहून आपापल्या निरोपाची वाट पाहावयाची नाहीं; सर्वांच्या वतीनें एकच दूत दारांत बसेल, आणि निरोप आला कीं ज्याचा त्याला हांक मारील. दहा जणांच्या जागरणाऐवजीं एकाचें जागरण! वीज वांचविण्याची याहून सोपी रीत क्वचितच सांपडेल.

अँड्रॉइडचा वाडा पहिल्यापासून मोकळा. गुगलनें ती कंपनी २००५ सालीं विकत घेतली; पहिला फोन २००८ सालीं विक्रीस आला, त्याची बॅटरी ११५० मिलीअँपिअर तासांची होती; भारतांत अँड्रॉइडचा प्रवेश २००९ सालीं झाला. कोणत्याहि कंपनीनें ही कार्यप्रणाली घ्यावी, आपल्या फोनवर बसवावी, असें धोरण असल्यामुळें स्वस्त फोन निघाले आणि ते सर्वत्र पोंचले. ॲपांनाहि मोकळीक होती. “मला जागें राहावयाचें आहे” असा परवाना कोणत्याहि ॲपला मागतां येई. असा परवाना घेऊन तो परत करावयास एखादें ॲप विसरलें, तर उशाजवळ ठेवलेला फोन रात्रभर आंतून जागा राही आणि सकाळीं गलितगात्र होऊन सांपडे. मालकास वाटे, बॅटरी खराब निघाली. बॅटरी बिचारी निर्दोष; किल्ली ज्याच्या त्याच्या हातीं गेली होती.

हा कारभार सुधारण्यास गुगलला बरींच वर्षें लागलीं. २०१४ च्या आवृत्तींत फुटकळ कामें एकत्र बांधून एकाच वेळीं उरकण्याची सोय आली. २०१५ सालीं, फोन पडून आहे, पडदा बंद आहे, असें दिसलें कीं सर्व ॲपांना निजवून ठराविक अंतरानें घटकाभर दार उघडण्याची पद्धति आली. २०१८ सालीं, मालक ज्या ॲपकडे क्वचितच पाहतो त्याचा शिधा कमी करण्याची बुद्धिहि कार्यप्रणालीला देण्यांत आली. म्हणजे ज्या कडकपणाची थट्टा झाली तोच अँड्रॉइडनें हप्त्याहप्त्यानें घरांत घेतला. उलट आयफोननें पडद्यामागील कामांना हळूहळू वाट करून दिली व २०१५ सालीं विजेच्या बचतीसाठीं स्वतंत्र कळ ठेवली. आज दोघांचे नियम पुष्कळच सारखे आहेत.

मग बॅटरी कोणाची अधिक टिकते? एक जुनेंच उदाहरण घेतां येईल. २०१५ सालच्या आयफोन ६एस मध्यें १७१५ मिलीअँपिअर तासांची बॅटरी होती. २०१७ सालच्या रेडमी नोट ४ मध्यें ४१०० ची. साध्या वापरांत पहिला एक दिवस काढी, दुसरा दोन दिवस काढी. दर मिलीअँपिअर तासाचा हिशेब मांडला तर आयफोनची काटकसर थोडी सरस दिसते. अर्थात् त्यांत पडद्याच्या लहानमोठेपणाचाहि भाग आहे. पण बांधावर उभ्या असलेल्या मनुष्यास हा हिशेब काय कामाचा? त्याला दुसरा दिवस हवा असतो, आणि तो रेडमीनें निम्म्याहून कमी किमतींत दिला. एक दोष मात्र सांगितला पाहिजे. अँड्रॉइडचे फोन विकणाऱ्या कांहीं कंपन्यांनीं मूळ नियमांवर आपली जादा शिस्त बसविली. त्यामुळें बॅटरी टिकली खरी, पण महत्त्वाचा निरोप दोन तासांनीं येणें, एखाद्या ॲपचा गजर न वाजणें, असले प्रकार होऊं लागले. वीज वांचविण्यासाठीं नोकराला इतकें निजवावयाचें कीं दारावर कोणी आल्याचेंहि त्यानें सांगूं नये, याला काटकसर म्हणणें कठीण आहे.

ॲपलच्या बाजूनेंहि असाच एक प्रकार घडला. जुनी बॅटरी अशक्त झाली कीं एकदम जोराचें काम पडतांच फोन बंद पडे. २०१७ च्या आरंभीं कंपनीनें कार्यप्रणालींत असा फेर केला कीं अशा फोनचा वेगच कमी व्हावा. उपाय तांत्रिक दृष्ट्या समंजस होता; पण मालकाला त्याचा पत्ता नव्हता. आपला फोन म्हातारा झाला असें समजून लोक नवा घेण्याच्या विचारास लागले, वास्तविक नवी बॅटरी पुरली असती. डिसेंबर २०१७ मध्यें बोभाटा झाल्यावर कंपनीनें क्षमा मागितली, अमेरिकेंत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणला, आणि बॅटरीची प्रकृति मालकास पाहतां यावी अशी सोय पुढील वर्षीं कार्यप्रणालींत केली. किल्ली सांभाळणारीनें हिशेब दाखविला पाहिजे, हें तेव्हांपासून सर्वांना पटलें.

बॅटरीखेरीज रोजच्या सोयी पाहावयाच्या तर पहिली सोय भाषेची. अँड्रॉइडच्या सूचना व मेनू मराठींत आले २०१४ सालीं. आयफोनचे आले २०२५ सालीं. मराठी अक्षरें वाचण्या-लिहिण्याची सोय आयफोनवर आधींपासून होती हें खरें, परंतु यंत्रानें आपणाशीं आपल्या भाषेंत बोलणें ही निराळी गोष्ट आहे. या अकरा वर्षांचा खुलासा बाजाराच्या आंकड्यांत आहे: भारतांतील स्मार्टफोनांपैकीं शेंकडा ९० हून अधिक अँड्रॉइडचे. मुंबईच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेल्या तरुणांनीं तर याहि पुढची मजल मारली. त्यांनीं अँड्रॉइडच्याच पायावर इंडस ही कार्यप्रणाली रचून २०१५ सालीं मायक्रोमॅक्सच्या फोनांवर आणली. मात्रा-वेलांट्यांचा विचार करून आंखलेला कळफलक, बोटाच्या एका फटकाऱ्यासरशी इंग्रजी संदेशाचें भाषांतर, अशा तिच्या सोयी होत्या. २०१६ सालच्या एका पाहणींत तर तिनें भारतांत आयफोनच्या कार्यप्रणालीलाहि मागें टाकलें. पुढें चिनी फोनांच्या लाटेंत देशी कंपन्या मागें पडल्या आणि इंडसचें नांव ॲपांच्या दुकानापुरतें उरलें. चांगली वस्तु नेहमींच टिकते असें नाहीं. तिला पाठीवर घेणारें बळकट जनावरहि लागतें.

दुसरी सोय दोन सिमांची. एका कंपनीचा टॉवर गांवांत लागतो, दुसरीचा शेतांत लागतो, हा अनुभव खेड्यांत जुना आहे. स्वस्त अँड्रॉइड फोनांनीं दोन सिमें केव्हांच दिलीं. आयफोननें ती गोष्ट २०१८ सालीं मान्य केली, तीहि एक सीम इलेक्ट्रॉनिक ठेवून. तिसरी सोय रेडिओची, आणि श्रोत्यांना ती सांगावयास हवी. फोनमधील एफ. एम. रेडिओ इयरफोनची तारच अँटेना म्हणून वापरतो; त्याला इंटरनेट लागत नाहीं, आणि तोच कार्यक्रम इंटरनेटवरून ऐकण्यापेक्षां वीजहि पुष्कळ कमी लागते. आयफोननें ही सोय कधींच दिली नाहीं, आणि अलीकडे अँड्रॉइडच्या पुष्कळ फोनांनींहि ती काढून टाकली. पूर-वादळांत इंटरनेट बंद पडलें तरी रेडिओ चालतो, हें ध्यानीं घेऊन २०२३ सालीं भारत सरकारनें फोन बनविणारांना ही सोय ठेवण्याची सूचना केली.

या सर्वांत साधेपणाचा एक प्रयत्न उल्लेखनीय आहे. २०१७ सालीं जिओनें १,५०० रुपये परत मिळण्याजोगी अनामत घेऊन एक फोन दिला. त्याची कायओएस ही कार्यप्रणाली फायरफॉक्सच्या मोडलेल्या संसारांतून उभी राहिली होती. लहान पडदा, बटणें, टॉर्च, रेडिओ आणि २००० मिलीअँपिअर तासांची बॅटरी. चरखा संघाच्या अटींच्या सर्वांत जवळ कोणी गेला असेल तर हाच. व्हॉट्सॲप त्यावर २०१८ सालीं आलें आणि २०२४ सालीं नव्यानें मिळेनासें झालें. फोन धडधाकट असतांना, दूरच्या एका कंपनीच्या निर्णयानें त्याचें निम्मेंअधिक काम संपतें! १९२९ च्या अटी लिहिणारांना असल्या मृत्यूची कल्पना येणें शक्यच नव्हतें.

शेवटीं दोन गोष्टी अशा, कीं ज्यांच्यापुढें कोणत्याच कार्यप्रणालीचें फारसें चालत नाहीं. एक म्हणजे टॉवरचें अंतर. टॉवर दूर असला कीं फोनच्या रेडिओला मोठ्यानें ओरडावें लागतें. सेलू तालुक्यांत बोरच्या जंगलाकडे किंवा आर्वी-कारंज्याकडील डोंगराळ भागांत रेंज येते-जाते, तेथें फोन खिशांत पडून राहिला तरी टॉवर शोधतां शोधतां त्याची बॅटरी उतरते. अशा जागीं विमानांतील मोड चालू करून काम पडेल तेव्हांच तो काढावा, ही युक्ति आयफोनला व अँड्रॉइडला सारखीच लागू आहे.

दुसरी गोष्ट उन्हाळा. वर्ध्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. ॲपलच्या सूचनेप्रमाणें फोन वापरण्याची हवा ० ते ३५ अंशांपर्यंत असावी. त्याहून अधिक उष्णतेनें बॅटरीची धारणशक्ति कायमची घटूं शकते. लिथियमच्या बॅटरीचा हा गुण सर्वांच्याच फोनांत आहे, कारण बॅटरीच्या आंतील रसायनें उष्णतेनें लवकर झिजतात. म्हणजे सूचनापत्रकांत लिहिलेली हवा वर्ध्यांत मार्चनंतर दिवसा मिळतच नाहीं. कार्यप्रणाली आपल्यापरी सावध असते. फोन तापला कीं पडदा मंद करते, चार्जिंग थांबविते, अगदींच झालें तर सर्व बंद करून इशारा देते. त्वरेनें भरणाऱ्या चार्जरांनीं ताप वाढतो, म्हणून भर दुपारीं तसला चार्जर लावण्यापेक्षां पहांटे गारव्यांत फोन भरावा. मोटारसायकलच्या हँडलवर किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उन्हांत ठेवलेल्या फोनला कोणतीहि कार्यप्रणाली तारूं शकत नाहीं. बॅटरी पुरी शंभर टक्के न भरतां ऐंशींवर थांबविण्याची सोय हल्लीं दोन्हींकडे आली आहे. बॅटरी भरलेली व तापलेली अशी दोन्ही असणें हें तिच्या आयुष्याला सर्वांत वाईट, म्हणून ही सोय वैशाखांत तरी वापरण्यासारखी आहे.

दुरुस्तीची जी अट चरखा संघानें घातली होती, ती फोनांच्या बाबतींत आतां कायद्यांत येऊं लागली आहे. युरोपीय संघांत २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० वेळां भरल्यावरहि मूळच्या शेंकडा ८० धारणेची राहिली पाहिजे, आणि कार्यप्रणालीच्या सुधारणा विक्री थांबल्यानंतरहि निदान पांच वर्षें मिळाल्या पाहिजेत, असा नियम आहे. एका भरणींत फोन किती तास चालतो हें लेबलावर छापावें लागतें, त्यामुळें दोन फोनांची तुलना दुकानांत उभ्या उभ्या करतां येते. रोज एकदां भरली तर ८०० वेळां म्हणजे सव्वादोन वर्षेंहि होत नाहींत. २० वर्षांच्या चरख्यापुढें ही मुदत अगदींच तुटपुंजी. भारतांत ग्राहक व्यवहार खात्यानें नेमलेल्या समितीनें २०२५ सालीं आपला अहवाल दिला असून, फोन दुरुस्त करणें किती सोपें याचा अंक ग्राहकास खरेदीपूर्वींच कळावा अशी त्यांत शिफारस आहे. नोकिया ११०० चें पाठीमागचें झांकण अंगठ्यानें सरकवून बॅटरी बाहेर काढतां येई. हल्लींच्या फोनांत ती डिंकानें चिकटविलेली असते व काढण्यास कारागीर लागतो. युरोपांत ती पुन्हां मालकाच्या हातानें काढतां यावी यासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख कायद्यानें नेमून दिली आहे.